वर्ध्यातल्या खाऱ्या पाण्याचे २२८ तास

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. तरीही रामनगरात माझ्या ताईच्या बैठकीत अडीचशे लिटर समुद्राचं पाणी होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी. आरओच्या पाण्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम सागरी मीठ विरघळवून भाऊजींनी ती दीड वर्षापूर्वी भरली होती. आत प्रवाळाचे दगड, वाळू, एक समुद्रफूल, दोन कोळंब्या आणि सात मासे: दोन क्लाउनफिश, चार निळे डॅमसेल आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बॅनरफिश. मेच्या उन्हाळ्यातही पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर राहायचं, कारण बैठकीतला कूलर आणि टाकीवरचा छोटा पंखा दिवसभर चालू असायचे. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडता उडता थंड होतं. उडालेल्या पाण्याची भर रोज सकाळी साध्या आरओच्या पाण्याने करायची, म्हणजे खारटपणा जागच्या जागी राहतो. भाऊजी हे सगळं मन लावून करायचे.

माझी भाची नववीत आहे. टाकीची एक वही ती ठेवते. तापमान, खाणं, काही वेगळं दिसलं तर ते, सगळं वेळेसकट लिहिलेलं. खाली दिलेल्या वेळा आणि दिसलेल्या गोष्टी तिच्या वहीतल्या आहेत. पाण्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारं काय चाललं होतं ते मी परजीवीच्या जीवनचक्रावरून मागाहून लावलं आहे. शून्य तास म्हणजे रविवारची सकाळ, सहा वाजता.

गुरुवार, संध्याकाळी ६. उरले २२८ तास.

नागपूरच्या एका दुकानातून पिशवी आली. आत पावडर ब्लू टँग: आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळा पर. हा मासा आपल्याच हिंदी महासागरातला, लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांवर थव्याने चरणारा. पकडला गेल्यापासून तो किती पिशव्यांतून आणि किती टाक्यांतून इथवर आला असेल, याची नोंद कोणाजवळ नसते. भाऊजींनी पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळवलं, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि मासा टाकीत सोडला.

वहीत लिहिलं आहे: ‘नवीन मासा आला. खूप सुंदर. लगेच दगडामागे गेला.’

त्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. कल्ल्यांच्या आत मात्र एका परजीवीचे काही दाणे रुतून बसले होते. त्याचं नाव अमायलोऊडिनियम ओसिलॅटम, छंद करणाऱ्यांच्या बोलीत ‘व्हेल्वेट’. कल्ल्याच्या नाजूक पापुद्र्यात तो मुळांसारखे धागे खुपसतो आणि तिथून पोसतो. थोडे असले तर मासा तक्रार न करता पोहत राहतो, खातो, विकला जातो.

या तासाला करायचं काम अगदी साधं होतं. चाळीस लिटरचा एक प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे. वाळू नाही, दगड नाही. नवा मासा महिनाभर त्यात. रोग असेल तर तो तिथेच उघडा पडतो आणि तिथेच औषध देता येतं. दुकानदाराने हे सांगितलं नाही. इतक्या देखण्या माशाला टबात ठेवायचं भाऊजींच्या मनातही आलं नाही.

शनिवार, पहाट. उरले १९२ तास.

वहीत फक्त तापमान: २८.५.

कल्ल्यांवरचे दाणे पोसून झाले आणि गळून वाळूत पडले. गळाल्यावर परजीवी आपले धागे आत ओढून घेतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असं पुढे. अनुकूल पाण्यात एका कवचातून दोनशे छपन्नपर्यंत पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. पाणी जितकं कोमट, तितकं हे काम लवकर. तेवीस ते सत्तावीस अंशांत त्याचं उत्तम चालतं, त्याहून थोड्या जास्तीतही थांबत नाही. कवचात असताना त्याला औषध पोचत नाही.

हे सगळं माणसाला फार आधीपासून माहीत आहे. ई. एम. ब्राऊन यांनी १९३१ मध्ये लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवर हा जीव पहिल्यांदा नोंदवला. १९३६ मध्ये रॉस निग्रेली यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचं पूर्ण जीवनचक्र मांडलं. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते १९५१ मध्ये, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी शत्रूची कुंडली तयार होती. माहिती असणं आणि ती वर्ध्याच्या बैठकीपर्यंत पोचणं यांत अजून अंतर आहे.

सोमवार, संध्याकाळी ६. उरले १३२ तास.

वही: ‘सगळे जेवले. नवा निळा थोडं खाल्ला. २८.५.’

कवचं फुटली. टँगच्या कल्ल्यांतून फक्त पन्नास दाणे गळाले असं धरलं तरी पन्नास गुणिले दोनशे छपन्न म्हणजे बारा हजार आठशे पिल्लं. अडीचशे लिटरमध्ये दर लिटरला पन्नासच्या वर. समुद्रात ही पिल्लं लाटेसरशी पांगतात आणि बहुतेक उपाशी मरतात. बंद काचेत त्यांना पांगायला जागा नसते. पंप तेच पाणी दिवसभर त्याच आठ माशांच्या कल्ल्यांतून फिरवत राहतो.

बुधवार, सकाळी ७. उरले ९५ तास.

वही: ‘बॅनरफिशने दगडाला अंग घासलं, दोनदा. एक डॅमसेल पंपाच्या धारेसमोरच उभा आहे. टँग उजेड लावला की मागे जातो.’

नववीतल्या मुलीची ही तीन वाक्यं म्हणजे व्हेल्वेटचं जवळजवळ पूर्ण लक्षणपत्रक आहे. अंग घासणं म्हणजे खाज. धारेसमोर उभं राहणं म्हणजे दम लागणं, कारण तिथे पाण्यात हवा जास्त मिसळलेली असते. उजेड टाळणं हे या रोगात वारंवार दिसतं. तिने हे न्याहारीच्या वेळी सांगितलंसुद्धा. ताई म्हणाली, “अहो, तो निळा काही नीट खाऊन नाही राहिला.” भाऊजी म्हणाले, “नवा हाये. रुळला की खाईल.”

खाऱ्या पाण्यात तीन रोग एकमेकांची सोंगं घेतात. त्यांचा गोंधळ झाला की औषध चुकतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

पहिला क्रिप्टोकॅरियन, ज्याला सगळे ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. यातले ठिपके रव्याच्या कणांसारखे सुटे, पांढरे, मोजता येणारे; दुसऱ्यात, म्हणजे व्हेल्वेटमध्ये, अंगावर हळद उडाल्यागत बारीक पिवळसर भुरका दिसतो, तोही उशिरा. व्हाइट स्पॉट बहुधा आठवड्यांच्या हिशोबाने मारतो. व्हेल्वेट दिवसांच्या, आणि शेवटी तासांच्या. तिसरा ब्रूक्लिनेला, जो क्लाउनफिशवर जास्त येतो. अंगावरून चिकट बुळबुळीत थर सुटू लागतो. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं. म्हणजे तीन रोग, वेगवेगळे वेग आणि दोन तरी वेगळी औषधं. ‘मासा आजारी आहे’ एवढ्यावर बाटली उघडणं म्हणजे अंदाजाने सुई टोचणं.

घरच्या घरी करता येणारी पहिली परीक्षा अशी: रात्री खोलीतले दिवे घालवायचे, टाकी अंधारात राहू द्यायची, मग टॉर्च बाजूने, तिरका धरायचा. व्हेल्वेट असेल तर माशाच्या पाठीवर, परांवर सोनेरी धूळ चमकते. मात्र कल्ल्यांतच बसलेला व्हेल्वेट बाहेर काहीच दाखवत नाही. ठिपका नाही म्हणून मासा निरोगी, हा समज या रोगात सगळ्यात महाग पडतो. त्या अवस्थेत मोजायचा तो श्वास. कल्ल्याचं झाकण मिनिटात किती वेळा उघडतं ते घड्याळ लावून मोजायचं आणि मासा धडधाकट असतानाच्या आकड्याशी ताडायचं. आकडा वाढलेला असेल तर अंगावर काही नसलं तरी रोग आहे असंच धरून चालायचं.

गुरुवार, सकाळी १०. उरले ६८ तास.

भाऊजी ओळखीच्या पशुवैद्यांकडे गेले. वर्धा हा गवळाऊ गाईबैलांचा जिल्हा. आर्वीकडची ही पांढरी, काटक जात पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लोकांनी सांभाळली आहे. बैल चारा सोडतो, कान पाडतो, तेव्हा काय बघायचं हे इथे शेतकऱ्यालाही कळतं. डॉक्टर सरळ बोलले: “ढोरायचं विचारा, लगेच सांगतो. मासोळीचं मला नाही समजत.” त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात विचारायचं सुचवलं. भाऊजींनी ते सोमवारवर टाकलं.

खरं तर उत्तर वर्ध्यातच होतं. या शहराच्या एका बाजूला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला सावंगीचं. मध्ये गल्लोगल्ली पॅथॉलॉजीच्या लॅब. प्रत्येक लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक, प्रत्येकीत काचपट्ट्या. आणि ग्रॅम स्टेनिंगसाठी आयोडीन, जे या रोगात फार कामाचं आहे. या परजीवीच्या शरीरात पिष्ट साठलेलं असतं आणि त्याच्या नावातला ‘अमायलो’ त्यावरूनच आला आहे. पिष्टावर आयोडीन पडलं की काळसर निळा रंग येतो, हे सातवी-आठवीच्या मुलांनी बटाट्यावर करून पाहिलेलं असतं.

जिवंत माशाचा कल्ला खरवडून बघणं हे सरावाचं काम आहे, ते कोणी पहिल्यांदा घरी करू नये. पण दुसरा मार्ग आहे. मीठ नसलेलं, क्लोरीन काढलेलं पाणी घ्यायचं. तापमान आणि पीएच टाकीइतकं करायचं, त्यात हवेचा दगड सोडायचा आणि मासा त्यात पाच मिनिटं ठेवायचा. खाऱ्या पाण्यातला मासा एवढा वेळ गोडं पाणी सोसतो. परजीवीला ते सोसवत नाही, त्यातले बरेच फुगून गळतात. मासा काढून घेतल्यावर तळाला बसलेलं पाणी ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. स्थिर, अंडाकृती, तपकिरी गोळे दिसले तर व्हेल्वेट. मोठा, केसाळ, सावकाश गरगरणारा दिसला तर क्रिप्टोकॅरियन. माशाला थोडा आराम मिळतो आणि रोगाचं नाव कळतं. एका आंघोळीत दोन्ही.

अडुसष्ट तास उरले असताना हे झालं असतं तर सगळे मासे वाचण्याची चांगली शक्यता होती, असं माझं मत आहे. अजून सगळे खात होते, थोडं का होईना.

गुरुवार, रात्री ९. उरले ५७ तास.

वही: ‘पाणी २९.५. कोणी जास्त खाल्लं नाही.’

पहिल्या लाटेतले परजीवी पोसून पूर्ण झाले आणि त्या संध्याकाळपासून गळू लागले. या वेळी ते एका माशावरून नाही, आठ माशांवरून गळत होते. हजार जरी पकडले तरी हजार गुणिले दोनशे छपन्न, दोन लाख छप्पन हजार. वाळूत कवचं बांधली गेली. कूलर चालूच होता, पण बाहेर पारा पंचेचाळिशीकडे होता आणि पाणी अंशाने वर सरकलं होतं. म्हणजे कवचं आधीपेक्षा लवकर फुटणार होती.

शुक्रवार, सकाळी ८. उरले ४६ तास.

वही: ‘आज सगळे बरे आहेत! बॅनरफिशने खाल्लं. कोणी घासलं नाही.’

उद्गारचिन्ह तिचंच आहे.

या रोगातली ही सकाळ मला सगळ्यात क्रूर वाटते. परजीवी गळून गेलेले असतात, कल्ले थोडे मोकळे झालेले असतात, मासा खरोखरच बरा दिसतो. घरात हायसं वाटतं. ताईने मला फोनवर हेच सांगितलं, “मासोळ्या बऱ्या आहेत आता, थोडं बिनसलं होतं.” ज्यांनी व्हाइट स्पॉट पाहिला आहे त्यांनाही ही सकाळ ओळखीची असेल: ठिपके गेले, रोग गेला. तो गेलेला नसतो, वाळूत असतो. आणि नेमके हेच चाळीस-पंचेचाळीस तास असे असतात की मासे टाकीतून उचलून, गोड्या पाण्याची आंघोळ घालून, स्वच्छ टबात नेले तर दुसरी लाट रिकाम्या टाकीत फुटते. तिला बसायला कल्ला मिळत नाही. लष्करी भाषेत बोलायचं तर शत्रू छावणीत झोपलेला असताना गाव खाली करण्याची वेळ ती हीच.

संध्याकाळी बॅनरफिशने परत खाणं सोडलं. भाऊजींनी दुकानात फोन केला. तिकडून न पाहता निदान आलं: “व्हाइट स्पॉट असेल. कॉपर पाठवतो.”

शनिवार, दुपारी १. उरले १७ तास.

नागपूरच्या बसने बाटली आली. वर इंग्रजीत नाव, मागचा कागद निघालेला. फोनवर सांगितल्याप्रमाणे झाकणाने मोजून भाऊजींनी ती मुख्य टाकीत ओतली.

तांबं हे व्हेल्वेटवरचं खरं आणि जुनं औषध आहे, ते मुळात चुकीचं नव्हतं. पण त्याचे नियम कडक आहेत. साध्या कॉपर सल्फेटच्या रूपात ते पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या आसपास धरून ठेवावं लागतं. कमी पडलं तर पिल्लं मरत नाहीत, जास्त झालं तर मासा मरतो. ही पातळी किमान दोन आठवडे टिकवायची आणि किटने रोज, शक्यतो दोनदा मोजायची. बाजारातल्या काही बाटल्यांत तांबं दुसऱ्या रेणूंशी बांधलेलं असतं, त्यांचा आकडा निराळा. म्हणून बाटलीवरचा कागद नसेल तर ती बाटली उघडायचीच नाही. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कल्ल्यात रुतलेल्यांना नाही, कवचातल्यांना नाही. आणि ते नेहमी दगड-वाळू नसलेल्या टबात द्यायचं, कारण प्रवाळाचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात. पाण्यात किती उरलं ते मग कोणालाच सांगता येत नाही. कोळंबी आणि समुद्रफूल यांना तर तांब्याचा थेंबही विष आहे.

वही, दुपारी ३: ‘समुद्रफूल आक्रसलं. एक कोळंबी उलटी पडली.’

औषधाच्या बाटलीवर विश्वास टाकण्याआधी एक घटना आठवावी अशी आहे. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्पस ख्रिस्ती इथल्या टेक्सास स्टेट अ‍ॅक्वेरियममध्ये परजीवींवर ट्रायक्लोरफॉन नावाचं औषध द्यायचं ठरलं. मोठी संस्था, प्रशिक्षित माणसं, योग्य औषध. डब्यावर नावही तेच होतं. आत मात्र हायड्रोक्विनोन निघालं, फोटो धुण्याच्या कामात वापरलं जाणारं रसायन. ३८९ मासे मेले. तिथे निदान चुकलं नव्हतं, डबा चुकला होता. आमच्याकडे निदान झालंच नव्हतं आणि बाटलीला कागद नव्हता. आधी छोट्या भांड्यात, एका माशावर, मग बाकीच्यांना. एवढी पायरी कोणीही पाळू शकतो.

शनिवार, संध्याकाळी ६. उरले १२ तास.

कवचं फुटली. दगड-वाळूने पाण्यातलं तांबं बरंचसं ओढून घेतलेलं असणार, कारण लाट अडली नाही.

६:२० ला भाचीने मला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं: “मामा, सगळे वर येऊन तोंड उघडून राहिले.” मी पुण्यात. व्हिडिओत टँगचा कल्ला इतका भरभर हलत होता की मोजता येईना, आणि कॅमेऱ्याचा दिवा फिरला तेव्हा क्लाउनफिशच्या काळ्या पट्टीवर बारीक पिवळट भुरका चमकला. व्हेल्वेट. मी फोन लावला.

घरात किलोभर सागरी मीठ शिल्लक होतं. त्यात अठ्ठावीस लिटर खारं पाणी होतं. आठ माशांना ते पुरेसं नव्हतंच, पण रात्र काढायला उपयोगी पडलं असतं. भाऊजींनी कपड्यांचा टब धुतला, ताईने पाणी मोजलं, भाचीने बॅटरीवरचा हवेचा पंप शोधून काढला. मीठ पूर्ण विरघळून पाणी शांत व्हायला खरं तर बरेच तास द्यायला हवेत. आमच्याकडे दोन होते. एका बादलीत गोडं पाणी, तापमान जुळवलेलं, पीएच वाढवायला चिमूटभर खायचा सोडा. एकेक मासा उचलायचा, आंघोळ घालायची, टबात सोडायचा, असं ठरलं. ती तिघं त्या रात्री जसं राबली ते मी फोनवर ऐकत होतो. माशांचं असं करणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

शनिवार, रात्री ९:४०. उरले ८ तास २० मिनिटं.

वादळ आलं. मेच्या शेवटी विदर्भात संध्याकाळी धूळ उठते, पाठोपाठ वीज जाते. कूलर बंद, टाकीचा पंप बंद. पाच मासे अजून टाकीत होते.

तीस अंशांच्या समुद्रपाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. पूर्ण भरलेल्या अवस्थेतही लिटरला सहा मिलिग्रॅमच्या जरा वर. निरोगी माशाला तेवढा पुरतो. ज्याच्या कल्ल्यांवर परजीवींचा थर आहे आणि पापुद्रे सुजून जाड झाले आहेत, त्याच्या रक्तात तो पोचतच नाही. पंप थांबल्यावर पाण्याचा पृष्ठभाग निश्चल झाला आणि होता तोही कमी होऊ लागला. मेलेलं समुद्रफूल त्याच पाण्यात सडत होतं. सडण्यातून अमोनिया सुटतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने त्यातला विषारी रूपाचा वाटा पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जी घाण मासा सोसून नेतो, ती खाऱ्या पाण्यात जीव घेते, ती यामुळे.

ताईने पाणी हलत राहावं म्हणून मग्ग्याने उपसून उंचावरून ओतायला घेतलं. मेणबत्तीच्या उजेडात, सव्वा तास.

रात्री १०:५० ते पहाटे ५.

१०:५०. वीज आली.

११:३०. टँग गेला, टबात. आंघोळीनंतर त्याने दहा मिनिटं शांत श्वास घेतला होता.

१२:१५ आणि १:१०. दोन डॅमसेल, टाकीतच.

२:००. भाचीला ताईने झोपायला पाठवलं. ती गेली नाही, वहीत अक्षर तिचंच आहे.

२:४०. तिसरा डॅमसेल. ३:२५ ला धाकटा क्लाउनफिश. तो शेवटपर्यंत मोठ्याला चिकटून होता.

४:१०. चौथा डॅमसेल. ४:५० ला बॅनरफिश, टबात.

रविवार, सकाळी ६. शून्य.

मोठा क्लाउनफिश गेला. टाकीत जिवंत उरलं ते दगडांवरचं हिरवं शेवाळ.

सकाळी अकराला भाऊजींनी बॅनरफिश बर्फावर, स्टीलच्या डब्यात घातला आणि ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेला. टेक्निशियनने रविवार असूनही लॅब उघडली. फोनवर मी सांगत गेलो. कल्ल्याचं झाकण कापून आतल्या लाल पापुद्र्याचा छोटा तुकडा, एक थेंब खारं पाणी, वर काचेची चकती. पापुद्र्यांच्या मध्ये दाटीवाटीने अंडाकृती गोळे, हालचाल नाही. मग पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब कडेने सोडला. गोळे काळपट होत गेले. टेक्निशियन म्हणाला, “हे तर मी कधीही करून दिलं असतं. आधी का नाही आणलं?” सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागली.

माझा निर्णय स्पष्ट आहे. ही टाकी तांब्याने मारली नाही, वादळानेही नाही. त्या दोन्ही गोष्टी शेवटच्या सतरा तासांतल्या. टाकी गेली ती गुरुवारी संध्याकाळी सहाला, नवा मासा थेट आत सोडला तेव्हा. आणि वाचवायची संधी गेली ती बुधवार ते शुक्रवार, मुलीने लिहिलेली लक्षणं कोणी रोगाची म्हणून वाचली नाहीत तेव्हा. विकणाऱ्याने मासा न पाहता फोनवरून औषध सांगणं बंद केलं पाहिजे. माणसाच्या बाबतीत हे कोणी खपवून घेणार नाही.

टाकी त्यानंतर सहा आठवडे माशांवाचून चालू ठेवली. मासा मिळाला नाही की हा परजीवी उपाशी मरतो, त्याला दुसरं औषध लागत नाही. तांबं प्यायलेले दगड आणि वाळू मात्र टाकून द्यावी लागली, कारण त्यांतून ते पुढे कित्येक महिने झिरपत राहतं आणि कोळंबी जगू देत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी खाऱ्या पाण्याची टाकी लावली असेल किंवा लावणार असेल, तर एवढं करा. एक मासा कमी घ्या आणि त्या पैशांत टब, स्पंज फिल्टर, तांबं मोजायचं किट आणि बॅटरीचा पंप घ्या. नवा मासा कितीही देखणा असो, तीस दिवस टबात. श्वासाचा आकडा निरोगी असतानाच वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या गल्लीतल्या पॅथॉलॉजीवाल्याशी आजच बोलून ठेवा, की कधी ड्रॉपरभर पाणी घेऊन आलो तर काचपट्टीवर बघून द्याल का. वर्ध्यातल्या त्या टेक्निशियनने हो म्हटलं आहे.